सागवानी उंबरा

पोपटरावांची सगळी नोकरी रूळ उचलण्यात गेली. दौंडला रेल्वेत ते गँगमन होते. गँगमध्ये शिकलेली एक गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. आधी वजन बघायचं, मग माणसं किती लागतील ते बघायचं, मग पाय कुठं रोवायचे ते ठरवायचं. हात सगळ्यात शेवटी लावायचा. जो आधी हात लावतो त्याची बोटं जातात. त्यांच्या बरोबरीनं लागलेल्या काहींची बोटं गेली, एकाचा पंजा गेला. पोपटरावांच्या तळव्यांना घट्टे होते, पण बोटं सगळी जागेवर होती.

पाय गेला तो बायकोचा. धुरपदाबाईंना साखर होती. शेवंतीच्या वावरात अंगठ्यात काटा मोडला. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि तोडणी संपेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. आधी अंगठा काढावा लागला, मग पाऊल, शेवटी गुडघ्याखालचा सगळा पाय. दवाखान्यात भेटायला आलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. तेव्हा धुरपदाबाईच म्हणायच्या, "रडता कशापायी? मी काय एक्सप्रेस न्हाई एका दमात जायला. पॅसेंजर हाय. एकेक ठेसन घेत जाईन."

बायका हसायच्या. पोपटराव हसायचे नाहीत.

घर केडगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून, पत्र्याचं. आतली सारवलेली जमीन आणि बाहेरचं अंगण एकाच पातळीत. एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली आणि धुरपदाबाईंचं बाहेर जाणं पुन्हा सुरू झालं. अंगणात लिंब होता. दुपार कलली की त्याच्याखाली वस्तीवरच्या बायका मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसायच्या. माल संध्याकाळच्या टेम्पोनं जायचा. मांडीवर पोतं अंथरून धुरपदाबाई खुर्चीतच कामाला लागायच्या. देठ एका रेषेत, गाठ एका झटक्यात, आणि तोंडानं सगळ्या गावाची हजेरी. तेवढा वेळ त्यांच्या पायाची कुणाला आठवण येत नसे. त्यांना स्वतःलाही येत नसे.

एकुलता मुलगा ईश्वर रांजणगावला कंपनीत होता. पाळीची नोकरी, जायला-यायला मोटारसायकल. त्यानं पत्र्याच्या शेजारीच पक्कं घर बांधायला काढलं. जोतं भरून झालं, आता चौकट उभी करायची होती, आणि घरात दारं-खिडक्यांचा विषय निघाला तो काही संपेना.

ईश्वरच्या मोबाईलमध्ये शिरूरच्या कुणा साहेबाच्या बंगल्याचा फोटो होता. दोन फळ्यांचं नक्षीचं दार, त्याच्यापुढं जाळीचं दुसरं दार. त्याला तसंच हवं होतं. सून सारिकाला सरकत्या खिडक्या हव्या होत्या, काळ्या काचेच्या. "बाहेरच्याला आतलं दिसत न्हाई आन् धूळ बी येत न्हाई," ती म्हणायची.

"उघडतीय अर्धीच की मग ती," पोपटराव म्हणाले. "अर्ध्या खिडकीसाठी पुरं भगदाड कशाला पाडायचं?"

त्यांच्या स्वतःच्या मागण्या थोड्याच होत्या. त्यांनी टेप घेऊन चाकाच्या खुर्चीची रुंदी मोजली. मग दोन्ही बाजूंना आपली मूठ धरून बघितली. चाकं फिरवताना धुरपदाबाईंची बोटं चौकटीला घासायला नकोत. तेवढं रुंद दार हवं. पायऱ्यांच्या शेजारून सिमेंटचा उतार हवा, आणि तो असा की दम न लागता खुर्ची वर यावी. बायकोची खाट जिथं लागणार तिथली खिडकी खाली हवी, पडल्या पडल्या रस्ता दिसेल इतकी.

गवंडी म्हणाला, "आप्पा, एवढी खाली? रस्त्यानं जाणारं कुत्रं बी आत डोकावंल."

"डोकावू दे. तिला बी कुत्रं दिसंल."

शेवटची मागणी त्यांनी बाळासो सुताराला सांगितली. बाळासो चौकटीचं माप घ्यायला आला होता, कानाला पेन्सिल लावून.

"मोठ्या दाराची चौकट तीन बाजूंनीच कर. खाली उंबरा नको."

बाळासोनं पेन्सिल कानावरून काढली आणि नुसतीच हातात धरली. "आतल्या खोल्यांचं म्हणताय का, आप्पा?"

"मोठ्या दाराचं म्हणतोय. खुर्ची सरळ गेली पायजे."

पत्र्याच्या घरातून आवाज आला. धुरपदाबाईंचे कान फार तिखट. "कोण म्हणतंय उंबरा नको?"

"मी म्हणतोय."

"तुमी म्हणायचं न्हाई. उंबरा पायजे. सागवानी पायजे."

पोपटराव आत गेले. बायकोला समजावून सांगण्याची त्यांची पद्धत म्हणजे एकच गोष्ट हळू आवाजात पुन्हा सांगणं. "धुरपदे, खुर्ची अडंल."

"अडू द्या. अवो, लगीन होऊन आले ती रेल्वेच्या कोठडीत. तिथं दाराला काय, तर सिमेंटचा बांध. मग हितं आले. हितं पत्रा. जल्म गेला, घराला उंबरा न्हाई. गोठ्याला नसतोय, तसा मला न्हाई. आता पोरानं घर काढलंय, तर त्याला बी तसंच ठेवू?"

"बाहेर कशी जाशील मग?"

"तुमी हाय की. रूळ उचललं, मला उचलाय काय धाड भरलीय?"

बाळासो दाराशी उभा राहून ऐकत होता. तो हसला. पोपटरावांनाही थोडं हसू आलं, आणि तिथंच त्यांचं म्हणणं हरलं.

उंबऱ्याचं लाकूड धुरपदाबाईंनी स्वतः निवडलं. बाळासो दौंडहून एक तुकडा घेऊन आला, तो त्यांनी मांडीवर आडवा घेतला आणि तळवा फिरवला. "ह्यात गाठ हाय. इथनं चिरंल. दुसरा आण." दुसरा आणला, त्याचा रंग फिका निघाला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान डोलावली. बाळासो वैतागून म्हणाला, "आत्याबाई, ईश्वरला पोरगी बघताना बी एवढी खोट काढली न्हाई तुमी."

"तवा उंबरा कुठं होता रे? कुणीबी आत येत होतं."

सारिका चहा घेऊन आली होती. ती कप ठेवून गेली, पण हसू दाबत गेली.

चौकटीच्या पूजेला ईश्वर आणि सारिका बसले. उंबऱ्याखालच्या खड्ड्यात पिवळ्या फडक्यात बांधलेलं हळकुंड, सुपारी आणि नाणं ठेवलं. बाळासोनं ओळंबा लावून चौकट सरळ केली. पोपटरावांनी तिला आधार द्यायला बांबू रोवले. धुरपदाबाईंनी खुर्चीतून वाकून उंबऱ्याला पहिलं कुंकू लावलं. वाकताना त्यांचा तोल जातो की काय म्हणून पोपटराव मागं खुर्ची घट्ट धरून उभे होते.

घर पुरं झालं, पत्रा उतरवला, राहायला गेले. तेव्हा अडचण उभी राहिली, आणि ती पोपटरावांनी धरली होती त्याहून मोठी निघाली.

त्यांनी दोन फळकुटं तासून ठेवली होती. उंबऱ्याच्या आतून एक, बाहेरून एक, असा चढ-उतार केला की खुर्ची वरून निघून जाईल. धुरपदाबाईंनी फळकुटं बघितली आणि विचारलं, "चाक कशावरनं जाणार?"

"उंबऱ्यावरनं."

"उंबऱ्यावर आपण पाय तरी देतो का? लक्षुमी बसती तिथं. तिच्या डोक्यावरनं गाडी घालू?"

"गाडी कुठली? खुर्ची हाय."

"रस्त्यातलं शेण-घाण लागलेलं चाक हाय ते. न्हाई म्हंजी न्हाई."

म्हणजे चाक उंबऱ्याला टेकवायचं नाही. खुर्ची माणसासकट अधांतरी उचलायची, पलीकडं न्यायची आणि मग ठेवायची. पोपटरावांनी वजन बघितलं, माणसं बघितली. हे काम दोघांचं होतं, एक पुढं, एक मागं. ईश्वर घरी असला की जमायचं. पण पाळी कधी पहिली, कधी दुसरी, आणि रात्रपाळी असली की तो दिवसा झोपलेला. सारिकाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केली होती. शेजारच्या कुणाला तरी हाक मारायची, तर तो रानात गेलेला. एक दिवस जमलं तर पुढचे दोन दिवस नाही. नंतर आठवडा नाही.

लिंबाखाली बायका बसत होत्या. धुरपदाबाईंना त्या खिडकीतून दिसायच्या. पोपटरावांनी खिडकी खाली ठेवून घेतली ती अशी कामाला आली. पण बोलणं काही नीट ऐकू येत नसे. मधेच सगळ्या हसायच्या, तेव्हा धुरपदाबाई आतून ओरडायच्या, "काय गं? काय झालं?" आणि कुणी तरी म्हणायचं, "काय न्हाई, मामी." एवढ्या लांबून सांगण्यासारखं ते नसायचं.

सकाळी मात्र त्या दाराशी असायच्या. सारिकाचा चहा होण्याआधी त्या खुर्ची उंबऱ्यापाशी आणायच्या, हातांच्या जोरावर खाली पाटावर उतरायच्या, ओल्या फडक्यानं उंबरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायच्या. मग चिमटीनं रांगोळीची बारीक रेघ ओढायच्या. मग हळद, कुंकू. मग पुन्हा पाटावरून खुर्चीत. उतरण्यापेक्षा चढायला जास्त कष्ट पडायचे, तोंड लाल व्हायचं. पोपटराव मदतीला गेले की त्या हात झटकायच्या. "बसा की गप. एवढं मला येतंय."

पोपटरावांना ते बायकांच्या देवधर्मातलं काही तरी वाटायचं. ते ओट्यावर बसून बिडी ओढत बघायचे आणि मनात म्हणायचे, ह्या लाकडाला पुसतीय रोज, आणि हेच हिच्या आडवं पडलंय.

एक दिवस लिंबाखाली सोजराबाईच्या नातीच्या साखरपुड्याची साडी दाखवायला आणली. सोजराबाई म्हणजे धुरपदाबाईंची जुनी जोडीदारीण, शेवंती तोडायच्या दिवसांपासूनची. तिनं बाहेरून हाक मारली, "धुरपदे, ये की गं! का आता घरंदाज झालीस?"

"आले," धुरपदाबाई म्हणाल्या आणि पोपटरावांकडं बघितलं. ईश्वर पहिल्या पाळीला गेला होता. शेजारी कुणी नव्हतं.

पोपटरावांना काम माहीत होतं. दोघांचं होतं. गँगमध्ये असतं तर त्यांनीच दुसऱ्याला आईवरून शिवी घालून थांबवलं असतं. पण बायकोनं केस विंचरून घेतले होते, पदर सारखा करून ती तयार बसली होती. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, तिला एकटीलाच दोन्ही हातांवर घेतलं आणि उंबऱ्याकडं निघाले. उंबरा दिसेना, मधे ती होती. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे लक्षात ठेवून त्यांनी पाय उंच उचलला. कमरेत कळ आली. दुसरा पाय वेळेवर निघाला नाही, अंगठा उंबऱ्याला अडकला, आणि ते गुडघ्यावर आले. तिला त्यांनी सोडलं नाही. पण तिचा आखूड पाय उंबऱ्याच्या कडेवर आपटला.

बायका धावल्या. धुरपदाबाई म्हणाल्या, "काय न्हाई लागलं. साडी दाव." साडी त्यांनी तिथंच, जमिनीवर बसून बघितली. काठ बरा आहे म्हणाल्या.

जखम छोटी होती. साखरेच्या माणसाला छोटी जखम नसते. टाके घातलेली कातडी फाटली होती, ती पिकली, ताप चढला, आणि दौंडला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून वर कापावं लागतंय की काय ते बघू. सारिका सोबत राहिली. ईश्वर पाळी करून परस्पर तिकडं जायचा. पोपटराव दिवसभर बसून संध्याकाळी घरी यायचे, आणि घरी आले की आधी तो उंबरा ओलांडायचा.

एका सकाळी ते बाळासोच्या दुकानी गेले. "उंबरा काढून दे."

बाळासोनं रंधा खाली ठेवला. "आप्पा, नवी चौकट करा म्हणाला तर करीन. कपाट म्हणा, खाट म्हणा. बसवलेला, पुजलेला उंबरा मी कापणार न्हाई."

"लाकूड हाय ते."

"तुमाला असंल."

"तिचा पाय जातोय, बाळासो. ऱ्हायलेला."

बाळासोनं हातांवरचा भुसा झटकला. मग त्यानं भिंतीवरची बारीक दात्यांची करवत आणि रुंद पटाशी काढून पोपटरावांच्या पुढं ठेवली. "हत्यारं न्या. हात मागू नका."

पोपटरावांनी दवाखान्यात ईश्वरला बाजूला घेऊन सांगितलं. ईश्वर पाळी करून आलेला, डोळे तारवटलेले. "आईला इचारलं का?"

"तिला इचारून एकदा बसवलाय. आता मी सांगतो तिला नंतर."

सारिका जवळच होती. ती म्हणाली, "मामा, एकदा आत्यांना इचारा की. त्या रोज सकाळी..."

"सकाळचं कळतंय मला. देव देवळात बी हाय."

सासऱ्यापुढं एवढं तरी ती पहिल्यांदाच बोलली होती.

काम सोपं नव्हतं. उंबऱ्याची दोन्ही टोकं उभ्या खांबांमध्ये ठोकून बसवलेली. करवत खांबाला लावून उभी धरायची, म्हणजे हाताला जागा नाही. दाते खाली फरशीला लागले की करकर आवाज व्हायचा, तिथून पुढं पटाशी. बाळासोनं काम चोख केलं होतं. सांध्यात केसभर फट नव्हती, आणि लाकूड पिकलेलं, तेल ओढलेलं. पोपटरावांना घाईचं काम माहीत नव्हतं. त्यांनी एक बाजू सकाळी कापली, दुसरी दुपारी. मग पहार घालून उंबरा उचकटला. तो निघताना सिमेंटचा पापुद्रा घेऊन निघाला. खाली खड्ड्यात पिवळं फडकं होतं. ओल लागून काळं पडलेलं. त्यांनी ते उचललं नाही. तसंच राहू दिलं, वर सिमेंट भरलं, फरशीचा तुकडा बसवला, आणि पाण्याची नळी लावून पातळी बघितली. आत-बाहेर एक सूत फरक नव्हता. खुर्ची दवाखान्यात होती, म्हणून त्यांनी घरातली सायकल आतून बाहेर, बाहेरून आत फिरवून बघितली. चाकाला काही कळलं नाही.

उंबऱ्यावरचं कुंकू लाकडात मुरलं होतं. तो त्यांनी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

डॉक्टरांनी पाय वाचवला. गाडी दारात आली तेव्हा पोपटराव उताराच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात होतं की सांगण्यापेक्षा खुर्ची सरळ आत जाऊ द्यावी, म्हणजे तिला आपसूक कळेल. ईश्वरनं आईला गाडीतून खुर्चीत घेतलं. पोपटरावांनी खुर्ची उतारावरून वर आणली. दम लागला नाही. दार उघडंच होतं.

धुरपदाबाईंनी दोन्ही हातांनी चाकं धरली.

"काय केलंय हे?"

"सरळ जाईल आता. बघ तरी."

"उंबरा कुठाय?"

"काढला."

"कुणी?"

"मी."

त्या दाराकडं बघत राहिल्या. चौकटीच्या दोन खांबांना खाली उंबऱ्याची ताजी कापलेली, फिकट टोकं दिसत होती. धुरपदाबाईंच्या पायाला पट्टी होती तशी ती. मग त्या म्हणाल्या, "मागच्या दारानं न्या."

"मागं मोरी हाय, धुरपदे. दार अरुंद हाय. खुर्ची जाणार न्हाई."

"उचलून न्या मग. उचलता येतंय ना?"

ईश्वरनं वडलांकडं बघितलं आणि आईला उचललं. मोरीच्या पायऱ्यांवरून, भांड्यांच्या टोपल्याला वळसा घालून तिला आत नेलं. पोपटराव रिकामी खुर्ची पुढच्या दारानं आत घेऊन आले.

संध्याकाळी ते खाटेशी बसले. सारिका भाकरी करत होती, थापटण्याचा आवाज येत होता.

"तुझ्यासाठीच केलं," ते म्हणाले. "पुन्यांदा आपटली असतीस."

"व्हय."

"बाहेर जाता यावं म्हणून."

"मी कवा म्हणले, बाहेर न्यायला उंबरा कापा म्हणून?"

पोपटराव तिच्या पायावरची चादर सारखी करू लागले.

धुरपदाबाई छताकडं बघत बोलल्या, रागानं नाही, हिशेब सांगावा तशा. "ह्या घरात भाकरी सारिका करती. धुणं मिशनीत. झाडू ती मारती, मला खाली वाकू देत न्हाई. चांगली हाय पोरगी, तिचं काय न्हाई. शेतात मी जात न्हाई. पोराला डबा बी तीच देती. सकाळी उठून ह्या हातानं करायचं म्हणून एकच काम ऱ्हायलं होतं मला. तेवढं झालं की वाटायचं, चला, आज आपण बी उठलो. तेवढंच होतं अवो. तुमी ते काढून टाकलं."

पोपटरावांना निवृत्तीनंतरचे पहिले महिने आठवले. पहाटे उठून ते उगाच रुळांकडं चालत जायचे आणि परत यायचे. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

"माळ्यावर हाय तो," ते म्हणाले. "बाळासोकडनं पुन्हा बसवून घेतो."

"कापलेला?"

"मग नवी चौकट घालू. भिंत फोडावी लागंल थोडी."

"नगं. पोराचं घर हाय. फोडाफोडी नगं."

"खाली काढून देतो निदान. हितं खाटेजवळ ठेव."

"त्याला काय करू? ते आता लाकूड हाय."

सारिकानं ताट आणून ठेवलं. तिनं दोघांकडं बघितलं नाही.

बरेच दिवस धुरपदाबाई पुढच्या दाराकडं फिरकल्या नाहीत. सकाळी उशिरा उठू लागल्या. पोपटराव चहा घेऊन जायचे, तर त्या भिंतीकडं तोंड करून जाग्याच असायच्या. सारिकानं दारापुढं ओट्यावर रांगोळी काढायला सुरुवात केली. तिच्या हातची ठसठशीत यायची. धुरपदाबाईंनी तिला नावं ठेवली नाहीत. आधी ठेवली असती.

मग एका दुपारी, लिंबाखाली बायका बसल्या होत्या, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "न्या बाहेर."

पोपटराव उठले. "आत्ता?"

"एवढं केलंय तर न्या की."

खुर्ची दारातून गेली. कुठं अडली नाही, धक्का नाही. पोपटरावांनी एका हातानं ढकलली असती तरी गेली असती. उतारावरून खाली आणि लिंबाखाली. बायकांनी सरकून जागा केली. दाराविषयी कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. सोजराबाईनं विचारलं, "पाय कसा हाय?" आणि उत्तराची वाट न बघता मेथीचा ढीग पुढं ओढला. "घे, हात चालव. का इसरलीस?"

धुरपदाबाईंच्या मांडीवर पोतं अंथरलं. त्यांनी मेथी घेतली, देठ पोत्यावर आपटून सारखे केले, सुतळी फिरवली. गाठ बसली नाही. पुन्हा फिरवली. साखरेनं आणि इतक्या दिवसांच्या आजारपणानं बोटं बधिर झाली होती, सुतळी कुठं आहे ते बोटांना कळत नव्हतं. कशीबशी एक जुडी झाली. मग दुसरी.

पोपटराव ओट्यावर बसून बघत होते. सोजराबाईनं बोलता बोलता त्या दोन्ही जुड्या उचलल्या. सैल होत्या, टेम्पोत सुटल्या असत्या. तिनं त्या मांडीआड नेल्या, सोडल्या, पुन्हा आवळून बांधल्या आणि ढिगात टाकल्या. तोंडानं ती कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत राहिली. चांगल्या मनानं केलं तिनं. धुरपदाबाईंनी ते बघितलं. त्या तिसरी जुडी बांधत होत्या, ती त्यांनी अर्धीच खाली ठेवली.

गोष्ट संपेपर्यंत त्या बसल्या. सगळ्या हसल्या तेव्हा त्याही हसल्या. मग ओट्याकडं वळून म्हणाल्या, "न्या आत. ऊन लागतंय."

ऊन लिंबाच्या पलीकडं गेलं होतं. पोपटरावांनी खुर्ची उतारावरून वर घेतली. चाक तसंच सरळ आत गेलं.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

त्यांनी नक्षीच्या दोन्ही फळ्या ओढून कडी घातली. फळ्यांना खाली टेकायला काही राहिलं नव्हतं. दाराखालून चार बोटं उजेड आत येत होता, आणि त्यातून बायकांचं बोलणंही. आता ते अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"ते बी बंद करा," धुरपदाबाई म्हणाल्या.

पोपटरावांनी गोणपाट आणलं, त्याची लांब घडी घातली आणि दाराला टेकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फटीत दाबून बसवायला लागले.